'उन्हात जाऊ नका' हा सल्ला नेमका कोणासाठी?

मार्च सरत आला की दरवर्षी मोबाईलवर तीच चित्रे फिरू लागतात. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. भरपूर पाणी प्या. सैल, सुती, फिक्या रंगाचे कपडे घाला. टोपी, छत्री, गॉगल वापरा. गेली पंचवीस वर्षे मीही हाच सल्ला देत आलो आहे. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर त्याचा फलकही आहे. सल्ला चुकीचा नाही. पण उन्हाळ्यात जी माणसे दगावतात त्यांतल्या बहुतेकांना तो लागूच पडत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. कसे कळले, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वीची एप्रिलमधली सकाळ. सोलापुरात त्या आठवड्यात पारा रोज ४३ अंशांच्या आसपास जात होता. सहाच्या सुमारास माझ्या एका जुन्या पेशंटचा मुलगा दारात आला. "डॉक्टर, आई उठंना."

मावशींचे वय साठीच्या आसपास. घरी बसून विड्या वळायच्या. आठ-दहा वर्षे ब्लडप्रेशरसाठी माझ्याकडे येत होत्या. मी गेलो तेव्हा सगळे संपले होते. मृत्यूला काही तास उलटले असावेत, तरी अंग गरम लागत होते. पत्र्याखालच्या खोलीत गरमच असणार, असे मनाशी म्हणून मी पुढे गेलो. मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहिला. कारण : हृदयक्रिया बंद पडणे. त्याखाली : उच्च रक्तदाब.

पंधरा दिवसांनी त्यांची सून मुलाला घेऊन दवाखान्यात आली, तेव्हा बोलता बोलता बाकीचे समजले. तीन दिवस सासूबाई गरगरतंय म्हणत होत्या. जेवण जात नव्हते. लघवी कमी झाली होती. दिवसभर विड्या वळताना पंखा बंद, कारण वाऱ्याने तंबाखू उडतो. रात्री पंखा लावला तर पत्र्याखालची गरम हवाच अंगावर यायची. "पण गोळी एक दिवस पण चुकवली नाही त्यांनी. तुम्ही सांगितलं होतं ना."

ती गोळी लघवी वाढवून ब्लडप्रेशर कमी करणारी होती. आधीच पाणी कमी पडलेल्या शरीरातून ती आणखी पाणी काढत होती. ती मीच लिहून दिली होती आणि उन्हाळ्यापुरता तिचा डोस कमी करावा का, हा विचार मी केला नव्हता. तुमच्या घराला छप्पर कसले आहे, हे आठ-दहा वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

मावशींना उष्णतेनेच मारले, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, हे मात्र शपथेवर सांगू शकतो. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. फलकावरचा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला होता. त्या उन्हात गेल्याच नव्हत्या.

उष्णतेने शरीरात काय होते?

आपले शरीर सतत उष्णता तयार करत असते आणि ती बाहेर टाकत असते. बाहेरची हवा शरीरापेक्षा थंड असेल तर हे काम सोपे असते. हवेचे तापमान ३७ अंशांच्या वर गेले की उलटे होते. हवाच शरीराला तापवू लागते. मग उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातले पाणी जाते आणि उष्णता मात्र आतच राहते.

या सगळ्याचा भार हृदयावर पडतो. त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी ते जोरात धावू लागते. पाणी कमी झाल्याने रक्त दाट होते. मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. तरुण, धडधाकट माणूस हे काही तास सोसतो. साठी ओलांडलेला, हृदयविकार, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेला माणूस आधी कोलमडतो. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले की त्याला आपण उष्माघात म्हणतो.

पण उष्णतेने जाणारा प्रत्येक माणूस उष्माघाताने जात नाही. कोणी हृदयविकाराच्या झटक्याने जातो, कोणी पक्षाघाताने, कोणाची किडनी बंद पडते. उष्णता ढकलते आणि नाव दुसऱ्याच आजाराचे लागते.

३८ अंशांवरही माणसे मरतात

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर कमाल तापमान होते सुमारे ३८ अंश. आम्हा सोलापूरकरांना ३८ म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण समुद्राकाठचे दमट ३८ आणि आमचे कोरडे ३८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे घाम वाळत नाही.

हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर किमान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झाले की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो. या निकषांना हवामानशास्त्रात अर्थ आहे. पण इशारा आला नाही म्हणजे धोका नाही, असा त्याचा अर्थ आपण लावतो, तिथे घात होतो. पत्र्याखालच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा जास्त तापमान असते आणि तिथे कोणाचेही हवामान केंद्र नसते.

रात्रीचेही तसेच. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला वेळ मिळाला तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सोसू शकते. शहरात डांबर, सिमेंट आणि पत्रे दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्रभर सोडतात. सलग तीन-चार रात्री अंग निवलेच नाही की चौथ्या दिवशी माणूस ढासळतो. आपले इशारे मात्र दुपारच्या उन्हाभोवतीच फिरतात.

"पूर्वीही उन्हाळा होताच की"

हे वाक्य मला रोज ऐकायला मिळते. होता. पण तो हा उन्हाळा नव्हता. कारखाने आणि गाड्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर आहे. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखे काम करतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींनुसार २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. पृथ्वीचे सरासरी तापमान त्या वर्षी औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने जास्त होते.

दीड अंश ऐकून हसू येते. पण सरासरी दीड अंश वाढणे म्हणजे रोज दीड अंश जास्त, इतके साधे गणित नसते. जे टोकाचे दिवस पूर्वी क्वचित यायचे, ते आता वारंवार येतात. खारघरची घटना घडली त्या एप्रिलमध्ये भारत आणि बांगलादेशावर दमट उष्णतेची लाट होती. अशी लाट येण्याची शक्यता हवामान बदलामुळे किमान तीसपट वाढली, असा निष्कर्ष 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने काढला.

ग्लोबल वॉर्मिंगचे आरोग्यावरचे परिणाम एवढेच नाहीत. डासांचा हंगाम बदलतो आणि त्याबरोबर डेंग्यूचाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज उष्णतेवर अडून बसलो आहे, कारण डेंग्यूचा रुग्ण निदान मोजला जातो.

जे मोजले नाही, ते घडलेच नाही?

२०२४ च्या उन्हाळ्यात जूनच्या मध्यापर्यंत देशात ४० हजारांहून अधिक संशयित उष्माघाताचे रुग्ण नोंदवले गेले आणि मृत्यू नोंदवले गेले सुमारे ११०. एकशे चाळीस कोटींच्या देशात! हा आकडा वाचून माझ्या डोळ्यांसमोर सरकारी यंत्रणा आली नाही, माझे स्वतःचे अक्षर आले. माझ्यासारख्या हजारो डॉक्टरांनी दाखल्यांवर 'हृदयक्रिया बंद पडणे' लिहिले, म्हणून हा आकडा एवढा लहान आहे.

हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. ते मृत्यूचे कारण नव्हे, तो मृत्यूच आहे. मृत्यू कसा आला ते नको, कोणत्या आजाराने वा इजेने आला ते लिहा, असे त्या दाखल्याच्या नमुन्यातच म्हटलेले असते. अतिउष्णतेसाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र संकेतांकही आहेत. आम्ही ते वापरत नाही. कधी घाईमुळे, कधी शवविच्छेदन आणि पोलीस चौकशी घरच्यांच्या मागे लागू नये म्हणून, आणि बऱ्याचदा डोक्यातच येत नाही म्हणून.

खरा आकडा किती असू शकतो, याचा अंदाज अहमदाबादने दिला आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता. नंतर अभ्यासकांनी दाखल्यांवरची कारणे बाजूला ठेवून त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले आणि इतर वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्त निघाले. एका शहरात, एका महिन्यात.

त्या शहराने पुढे २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला मानला जातो. आधी मोजले, मग जाग आली, मग काम झाले. आपण मोजतच नाही, त्यामुळे आपल्याकडे पुढचे काही घडत नाही.

नोंद नसेल तर पैसाही नसतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती मदतनिधीची जी राष्ट्रीय यादी ठरली, तिच्यात पूर, दुष्काळ, गारपीट आहे. शीतलहरही आहे. उष्णतेची लाट नाही. राज्यांना आपल्यापुरती आपत्ती जाहीर करण्याची मुभा आहे. तमिळनाडूने २०२४ मध्ये ती वापरली. चंद्रपूर, अकोला, जळगाव, सोलापूर ज्या राज्यात आहेत, त्याला याची गरज तमिळनाडूहून कमी आहे का?

सल्ला नको, नियम हवा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'दुपारी बाहेर पडू नका' हे ज्याला एसी, पगारी रजा आणि पक्के छप्पर आहे त्याला सांगणे सोपे आहे. स्लॅब भरणाऱ्या मजुराला, हमालाला, डांबर टाकणाऱ्या बाईला, पार्सल पोचवणाऱ्या मुलाला हा सल्ला देणे म्हणजे 'आजची मजुरी सोडा' असे सांगणे. तो सोडत नाही. मग तो कोसळला की आपण म्हणतो, काळजी घ्यायला नको का? दोष त्याच्याच माथी मारून आपण मोकळे होतो.

कतारमध्ये उन्हाळ्यात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला २०२१ पासून बंदी आहे. उष्णता आणि आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर एरवीही काम थांबवावे लागते. मजुरांच्या हालांबद्दल जगभर टीका झाल्यावर हे नियम कडक झाले. म्हणजे आपला माणूस तिथे मजुरीला गेला तर दुपारी थांबण्याचा नियम त्याच्या पाठीशी आहे, आणि सोलापूरच्या रस्त्यावर फक्त सल्ला आहे.

"असे केले तर कामे होणार नाहीत," असे ठेकेदार म्हणतात. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊसतोडणी करणारे तरुण मजूर मधुमेह नसताना, ब्लडप्रेशर नसताना किडनी निकामी होऊन मरत होते. भर उन्हात, पाण्यावाचून, न थांबता केलेले श्रम हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. एल साल्वादोरमध्ये एका प्रयोगात मजुरांना पाणी, सावली आणि ठरावीक वेळाने विश्रांती दिली. तोडणी घटली नाही, दर माणशी रोजची तोडणी उलट वाढली. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

काही जण म्हणतील, पृथ्वी तापवली श्रीमंत देशांनी, आपण काय करणार? हे खरेच आहे. एका अमेरिकन माणसामागे जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याच्या साधारण सातवा हिस्सा एका भारतीयामागे पडतो. तो हिशेब मागितलाच पाहिजे. पण पत्र्यावर पांढरा चुना मारायला अमेरिकेची परवानगी लागत नाही.

माझ्या मते पाच गोष्टी आजच हव्यात :

१. मार्च ते जून उघड्यावरच्या कामाला दुपारची सक्तीची सुट्टी असावी, मजुरी न कापता. काम पहाटे लवकर आणि संध्याकाळी घ्यावे.
२. कामाच्या प्रत्येक जागी पाणी, सावली आणि स्वच्छतागृह असावे. स्वच्छतागृह नसले की बाया पाणीच पीत नाहीत, हे मी रोज ऐकतो.
३. वस्त्यांमधली पत्र्याची छपरे पालिकेने पांढरी करून द्यावीत. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले आहे. महाराष्ट्रालाही ते अवघड नाही.
४. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे जाहीर कार्यक्रम आणि सभा उघड्या मैदानावर घ्यायला परवानगीच देऊ नये.
५. उन्हाळ्यातल्या प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर उष्णतेचा संबंध होता का, याचे उत्तर डॉक्टरने लिहिलेच पाहिजे.

तोपर्यंत माझ्या पेशंटांसाठी

नियम होतील तेव्हा होतील. यंदाचा उन्हाळा थांबणार नाही. म्हणून :

- ब्लडप्रेशर, हृदयविकार, किडनी किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर मार्चमध्येच आपल्या डॉक्टरांना भेटा. उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, ते विचारा. मनाने गोळी बंद करू नका.
- लघवी कमी आणि गडद पिवळी होणे, गरगरणे, पायात गोळे येणे, मळमळणे या आधीच्या खुणा आहेत. तिथेच थांबा, सावलीत जा, ओआरएस किंवा पाणी प्या. पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदय व किडनीच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.
- हवा ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा शरीराला थंड करत नाही, तापवतोच. अंग ओल्या फडक्याने पुसत राहा.
- तापलेला माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, फिट आली किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघातच समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असे मानू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. आधी थंड करा, मग हलवा.
- बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.
- शेजारी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर सकाळ-संध्याकाळ एकदा हाक मारा.

आणि माझ्यासाठी

आता एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक पेशंटला मी दोन प्रश्न जादा विचारतो. घराला छप्पर कसले आहे? रात्री झोप लागते का? दाखला लिहायची वेळ आलीच तर आदल्या तीन दिवसांची हकिकत विचारल्याशिवाय पेन उचलत नाही. संबंध दिसला तर 'उष्णता' हा शब्द लिहितो. घरचे कधी नाराज होतात. तरी लिहितो.

तुमच्या घरात उन्हाळ्यात असा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. त्यांना राग आला तरी चालेल. मावशींच्या सुनेने त्या दिवशी सहज बोलता बोलता मला जे सांगितले, ते दाखला लिहिण्यापूर्वी मी विचारायला हवे होते. तो दाखला आता बदलता येणार नाही. भिंतीवरचा फलक मात्र मी बदलला आहे. 'उन्हात जाऊ नका' काढून तिथे लिहिले आहे : 'तुमच्या कामाच्या जागी सावली आहे का? नसेल तर आत आल्यावर डॉक्टरांना सांगा.' पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी सांगितले. ती नावे, कामाच्या जागा आणि तारखा मी एका वहीत लिहून ठेवतो आहे. यंदाचा उन्हाळा संपला की ती वही घेऊन पालिकेत जाणार आहे.